भीतीकडून शोकाकडे

कृतिपत्रिकेत युद्धावरची कविता आली की तिच्याखाली एक प्रश्न ठरलेला असतो: कवितेतून मिळणारा संदेश तुमच्या शब्दांत लिहा. मुले लिहितात, युद्ध वाईट असते. आपण गुण देतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. दुसरे सत्र सुरू होत असताना या अंकात मला त्या उत्तराविषयीच लिहायचे आहे. ते चूक नाही, पण ते लिहिण्यासाठी कविता वाचावीच लागत नाही.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावीच्या वर्गाला एका युद्धपटातला वीस मिनिटांचा भाग दाखवला. आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी कानांवर हात घट्ट धरून खाली बघत होती. तिचे वडील तेव्हा सीमेवर होते आणि हे मला माहीत होते. तरी मी प्रोजेक्टर बंद केला नाही. तास संपला, मुले डबे घेऊन बाहेर गेली आणि मी टाचणवहीत ‘युद्धाची भीषणता: पूर्ण’ अशी नोंद केली. त्या नोंदीची मला आजही लाज वाटते. मुलांना मी घाबरवले होते. शिकवले काहीच नव्हते.

यातला फरक मला कळला तो डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या डॉक्टरच्या एका निबंधामुळे. पहिल्या महायुद्धात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात मनाने कोसळलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांवर ते उपचार करत. ‘घडले ते विसरा’ हा त्या काळचा सर्रास सल्ला होता. त्याने रुग्ण बिघडतात, असे रिव्हर्स यांनी 1917 च्या डिसेंबरात लंडनच्या वैद्यकीय सभेत मांडले. त्यांचा एक रुग्ण आपल्या मित्राला शोधायला गेला होता आणि त्याला मित्राच्या देहाचे तुकडे सापडले होते. रोज रात्री तो देह स्वप्नात येई. रिव्हर्स यांनी त्याला एवढेच दाखवून दिले की देहाची अशी अवस्था झाली म्हणजे मृत्यू तत्क्षणी आला, मित्राला यातना सोसाव्या लागल्या नाहीत. काही रात्रींनी तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी तो मित्रापाशी गुडघे टेकून बसला, घरच्यांना द्यायला त्याच्या वस्तू काढू लागला आणि जागा झाला तेव्हा हलकेच रडत होता. दहशत गेली होती, दुःख उरले होते. पुढच्या एका स्वप्नात तर दोघे बोललेही.

युद्ध आणि त्यानंतरचे बरे होणे शिकवताना मला हीच कसोटी हाताशी धरावीशी वाटते. बरे होणे म्हणजे विसरणे नव्हे आणि हसत घरी येणेही नव्हे. जिथे भीती होती तिथे शोक करता येऊ लागणे, एवढाच त्याचा अर्थ. आपला तास मुलांना यातल्या कुठल्या टोकाशी सोडतो?

रिव्हर्स उपचार करत होते त्याच इस्पितळात 26 जून 1917 रोजी कवी विल्फ्रेड ओवेन दाखल झाला, वय 24. तो आर्थर ब्रॉक या डॉक्टरांकडे होता. माणसाचे कामाशी आणि परिसराशी तुटलेले नाते जोडणे हाच उपचार, असे ब्रॉक मानत. त्यांच्यावर प्रभाव होता पॅट्रिक गेडिस यांचा. हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. ब्रॉक यांनी ओवेनकडून कविता लिहवून घेतली. ओवेनने ‘हायड्रा’ या इस्पितळाच्या नियतकालिकाचे संपादन केले आणि शहरातल्या टाइनकॅसल शाळेत मुलांना साहित्यही शिकवले. आपल्या वाचकांनी ही शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: त्याच्या औषधात वर्ग होता.

ऑगस्टमध्ये त्याची तिथेच कवी सिगफ्रिड ससूनशी भेट झाली. ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ या सुनीताच्या हस्तलिखितावर ससूनच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. शीर्षकात आधी ‘डेड’ होते, त्याचे ‘डूम्ड’ झाले ते ससूनच्या सूचनेवरून. हे कच्चे खर्डे वर्गात न्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. छापील कविता मुलांना आभाळातून पडल्यासारखी वाटते. खर्ड्यात त्यांना एक हादरलेला तरुण दिसतो, जो शब्द खोडतो, दुसरा घालतो, मित्राला दाखवतो. मेलेला तरुण आणि मरण ठरून गेलेला तरुण यांत फरक काय, एवढ्या एका प्रश्नावर अख्खी तासिका रंगते.

कविता तारखेच्या क्रमानेच शिकवाव्यात. ‘अँथम’ सप्टेंबरातली. ती तोफांच्या आवाजाने सुरू होते आणि घराघरांतल्या नीरव शोकापाशी येऊन थांबते. मग ओवेन बरा झाला म्हणायचा का? ऑक्टोबरात त्याने ‘डल्से एट डेकोरम एस्ट’ लिहिली. तीत विषारी वायूने गुदमरणारा माणूस कवीच्या प्रत्येक स्वप्नात त्याच्याकडे झेपावतो. म्हणजे शोक लिहून झाल्यावरही दहशत परतली. पाठ्यपुस्तकाच्या सोयीसाठी आपण हा क्रम उलटा केला तर मुलांना खोटे सांगितल्यासारखे होईल.

पुढे ओवेन आघाडीवर परतला आणि 4 नोव्हेंबर 1918 रोजी साम्ब्र कालव्यावर मारला गेला. 11 तारखेला श्रूजबरीत शस्त्रसंधीच्या घंटा वाजत असताना घरी तार पोहोचली. निरोप घेताना त्याने रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’तल्या ओळी म्हटल्या होत्या, असे त्याच्या आईने 1920 मध्ये स्वतः रवींद्रनाथांना पत्राने कळवले.

चित्रपटाचे काम वेगळे आहे. कवितेत जो आवाज आपण कल्पनेने ऐकतो तो चित्रपटात खऱ्या माणसाच्या तोंडून येतो. म्हणून जॉन ह्यूस्टन यांचा ‘लेट देअर बी लाइट’ हा सुमारे तासाभराचा माहितीपट निवडावा. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचे लाँग आयलंडच्या इस्पितळातले उपचार त्यात आहेत. नट नाहीत आणि रणांगण जवळपास नाहीच. 1946 मध्ये लष्कराने रुग्णांच्या खासगीपणाचे कारण देऊन तो अडवला आणि तो लोकांसमोर यायला जवळपास 35 वर्षे गेली. त्यात चालता न येणारा सैनिक औषधाच्या अमलाखाली उठून चालतो, बोबडी वळलेला सैनिक ‘मला बोलता येतंय’ म्हणून ओरडतो. शेवटी सगळे बसमध्ये बसून निघतात. इथे चित्रपट थांबवा आणि विचारा, बस घरी पोहोचल्यावर काय झाले असेल? हा चित्रपट धीर देतो, पण घाईने देतो. ओवेनची ऑक्टोबरातली कविता वाचलेल्या मुलांना ही घाई लगेच जाणवते.

‘रिजनरेशन’ या 1997 च्या चित्रपटात क्रेगलॉकहार्ट आहे, पण मुक्या झालेल्या सैनिकाच्या घशाला विजेचे झटके देण्याचे दृश्यही आहे. अकरावी-बारावीला तो अख्खा दाखवू नये.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: क्रेगलॉकहार्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी होते. त्याच महायुद्धात आपल्याकडचे साधे शिपाईही होते. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने 29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियातल्या कूत येथे शरणागती पत्करली. त्यात मराठा पलटणींचे शिपाई होते आणि कैदेत हजारो हिंदी शिपाई मेले. परतलेल्यांच्या स्वप्नांचे खर्डे आपल्यापाशी नाहीत. मात्र 1917 मध्येच अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज संस्था मुंबईत सुरू झाली. पुढे ती खडकीला आली. पुण्यातल्या शिक्षकांनी ओवेनचा पाठ तिच्यापासूनच सुरू करावा.

आता मी वर्गाला दोन दिवस आधी सांगते की काय दाखवणार आहे, आणि कुणाच्या घरचे सैन्यात असतील तर त्या मुलांशी वेगळे बोलते. बाहेर बसायची मुभा असते. शेवटची दहा मिनिटे काहीच विचारत नाही. गेल्या वर्षी त्या दहा मिनिटांत एका मुलाने बसवाल्या प्रश्नाचे उत्तर लिहून टेबलावर ठेवले. त्याचे आजोबा 1971 च्या लढाईत होते. त्याने लिहिले होते: ‘आजोबा कधीच काही सांगत नाहीत. दिवाळीत फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. आम्हाला वाटायचं, त्यांना धुराचा त्रास होतो.’