नव्या संघातला पहिला महिना



२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. त्या संघातली सांगलीची स्मृती मानधना आता घराघरांत ठाऊक आहे. तिच्या विजयाच्या गोष्टी सगळेच सांगतात. मी आज सांगणार आहे ती तिच्या एका वाईट महिन्याची गोष्ट. क्रिकेट कळत नसलं तरी वाचा, कारण गोष्ट शेवटी आपल्याच घरात येते.

२०२३ साली महिलांसाठी प्रीमियर लीग सुरू झाली. पाच संघ. खेळाडू घ्यायला प्रत्येक संघाजवळ १२ कोटी रुपये. १३ फेब्रुवारीला मुंबईत लिलाव झाला. माणसांचा लिलाव हा शब्द कानाला खटकतो खरा, पण त्या खेळात तोच रूढ आहे. पहिलंच नाव निघालं स्मृतीचं. बंगळूरच्या संघाने तिच्यासाठी ३ कोटी ४० लाख मोजले. त्या दिवशीची ती सर्वांत मोठी बोली. म्हणजे पाहा, घरखर्चाच्या रुपयातले चार आण्यांहून जास्त एकाच वस्तूवर! वर कर्णधारपदही तिलाच दिलं. आता एवढं देऊन आणलेल्या पाहुणीकडून लोक काय काय अपेक्षा करतील, हे तुम्हां-आम्हांला वेगळं सांगायला नको.

तिच्या धावा अशा झाल्या: ३५, २३, १८, ४, ८, ०, ३७, २४. आठ सामने, १४९ धावा, एकही अर्धशतक नाही. संघ पहिले पाच सामने ओळीने हरला. एवढे पैसे पाण्यात गेले, नाव मोठं नि लक्षण खोटं, अशी बोलणी सुरू झाली. सामने मुंबईचे, म्हणजे आपल्याच राज्यातले. घरच्या माणसांदेखत पडलेलं अधिक लागतं, नाही का?

आता कारणं बघू. २३ फेब्रुवारीपर्यंत ती दक्षिण आफ्रिकेत भारताकडून वीस षटकांचा विश्वचषक खेळत होती. तिथे उपान्त्य सामना अवघ्या ५ धावांनी हातचा गेला. पुढे दहा दिवसांत, ५ मार्चला, नव्या संघाचा पहिला सामना. देशोदेशींच्या मुली, निम्म्याजणी एकमेकींना धड ओळखत नाहीत, आणि ही त्यांची कर्णधार. त्यात स्मृती डावखुरी. ऑफस्पिन टाकणाऱ्यांचा चेंडू डावखुऱ्या फलंदाजापासून बाहेर वळतो. समोरच्या संघांनी नेमकं ते हेरलं आणि पुन्हा पुन्हा त्याच गोलंदाजीवर तिला बाद केलं. हात तेच, बॅट तीच. पण घर नवं, माणसं नवी, आणि बाहेरच्यांना तिची दुखरी जागा सापडलेली.

संघाने काय केलं? दुसऱ्या वर्षी कर्णधार तीच ठेवली, डावाची सुरुवातही तिच्याचकडे ठेवली. बदललं ते तिच्या भोवतीचं. प्रशिक्षक नवा आणला, काही खेळाडू नव्या घेतल्या. २०२४ मध्ये तिने दहा सामन्यांत बरोबर ३०० धावा काढल्या आणि १७ मार्चला दिल्लीत संघाने चषक जिंकला. त्याच नावाच्या पुरुषांच्या संघाला २००८ पासून खेळूनही तोवर चषक मिळाला नव्हता. त्यांना तो २०२५ च्या जूनमध्ये मिळाला.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. २०२३ च्या पहिल्या सामन्यात स्मृतीने २३ चेंडूंत ३५ धावा केल्या, आणि संघ ६० धावांनी हरला. २०२४ च्या अंतिम सामन्यात तिने ३९ चेंडूंत ३१ धावा केल्या, म्हणजे कमी आणि सावकाश. तरी संघ ८ गडी राखून जिंकला! का? कारण त्या दिवशी सोफी मोलिन्यूने एकाच षटकात तिघींना बाद केलं, श्रेयांका पाटीलने चार बळी घेतले, दिल्लीचा डाव ११३ वर आटोपला आणि एलिस पेरी शेवटपर्यंत उभी राहिली. २०२३ चा पहिला विजय तर स्मृती शून्यावर बाद झाली त्या दिवशी मिळाला होता. तेव्हा नव्या माणसाने काय केलं याचा हिशेब मांडताना बाकीच्यांनी काय केलं तेही त्याच पानावर लिहायला हवं.

आपल्या विदर्भाच्या संघातही असं घडलं आहे. मुंबईचा वसीम जाफर २०१५ मध्ये विदर्भाकडून खेळायला आला. पुढचा एक हंगाम दुखापतीत वाया गेला. संघाने त्याला सोडलं नाही. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा विजयाचा चौकार जाफरचाच होता. पुढच्या हंगामात, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने १,०३७ धावा काढल्या आणि करंडक पुन्हा विदर्भात राहिला.

आता आपल्या घरात या. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरची मुलगी घाटाखाली दिली जाते. चिखली-मेहकरकडची पोर संग्रामपूर-शेगावकडे, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जाते. माहेरी जिच्या वरणाचं कौतुक, तिची तुरीची डाळ सासरी बोअरच्या पाण्यात शिजता शिजत नाही. लगेच शेरा मिळतो, “आईने एवढंही शिकवलं नाही!” अहो, जड पाण्यातल्या क्षारांनी डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. दोष पोरीचा की पाण्याचा? हे तिला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं का? पिण्याचं गोड पाणी कोणत्या हंड्यात असतं, ते दाखवलं का?

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना माझं सांगणं असं. नवी सून आली, की तिची परीक्षा वर्षभर घेऊ नका. सगळे सण एकदा फिरून येऊ द्यात. तिला येणारं एक काम तिच्या हाती सोपवा आणि ते रोज बदलू नका. चुकलं तर चारचौघांत नको, ओट्याजवळ हळूच सांगा. शाळेत नवी बाई आली, बदलीवर नवा कारकून आला, तरी हाच न्याय लावा.

आणि नव्या सुनांनो, तुम्हीही पहिल्याच महिन्यात शतक ठोकायला जाऊ नका. विचारायला लाजू नका. कुठे काय ठेवतात, कोणाला काय चालतं, हे विचारण्यात कमीपणा नाही. कुठे पुन्हा पुन्हा अडतं ते ओळखा आणि तेवढंच आधी सुधारा. स्मृतीची गाडी २०२५ च्या विश्वचषकातही सुरुवातीला अडलीच होती: ८, २३, २३. मग ८०, ८८ आणि १०९. अखेरीस तिच्या नावावर ४३४ धावा लागल्या, भारताकडून सर्वांत जास्त.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. धीर धरायचा तो रुळण्यासाठी. शिव्या, उपाशी ठेवणं, माहेरून पैशांची मागणी, अंगावर हात टाकणं, याला रुळणं म्हणत नाहीत. तिथे वर्षभर वाट बघायची नाही; पहिल्याच दिवशी माहेरी आणि विश्वासाच्या माणसांना सांगायचं. माहेरच्यांनीही “होईल हळूहळू” म्हणून पोरीची पाठवणी पुन्हा करू नये.

आणि हो, खाऱ्या पाण्याच्या गावी असाल तर तुरीची डाळ गोड पाण्यात तासभर भिजवा, त्याच पाण्यात शिजवा, मीठ मागाहून घाला. वरण छान होतं.