बाबेलचे वकील

पेन्टेकॉस्टच्या मिस्सेत प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला जातो. पार्थी, मेदी, एलामी अशी पंधरा नावे वाचक घाईने उरकतो आणि आम्हीही ती अडथळ्यासारखी ऐकून घेतो. वस्तुतः त्या दिवसाचा चमत्कार त्या नावांतच आहे.

मुले इंग्रजी शाळांत शिकतात, तेव्हा उपासनाही इंग्रजीत व्हावी. एका भाषेने समाज एकत्र येईल, असे आमच्या वसईतील काही सुशिक्षित म्हणतात. एक भाषा? ती बाबेलच्या बुरुजाखाली होती! सणाच्या आदल्या संध्याकाळच्या वाचनांत उत्पत्तीचा अकरावा अध्याय आहे, तो त्यांनी पुन्हा वाचावा. यरुशलेमेत पवित्र आत्म्याने ती एक भाषा परत दिली नाही. ग्रीकवर पुष्कळांचे काम भागले असते. तरी प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपल्या जन्मभाषेत ऐकली.

इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. लॅटिनच्या त्या रिकाम्या आसनावर आम्ही आता इंग्रजीला बसवू पाहतो. सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आजीला आमची पुस्तकी मराठीच अर्धवट कळते, हेही कबूल केले पाहिजे. मग इंग्रजीत तिच्या वाट्याला काय येणार?

येत्या सणाला ती पंधरा नावे इंग्रजी शाळेतल्याच एखाद्या मुलाकडून मराठीत वाचून घ्यावीत. आठ दिवस आधी तयारी करून घेतली की जमते.