भिंत उंच नको, लांब हवी

झाडावर किंवा गावातल्या गढीच्या पडक्या भिंतीवर चढलेल्या मुलाला आपल्याकडे एकच वाक्य ऐकावे लागते: ‘उतर खाली, पडशील!’ सांगणाऱ्याचे चुकते असे मी म्हणणार नाही. पडक्या भिंतीचा दगड केव्हा निखळेल याचा नेम नसतो. पण चढण्याची हौस हा काही रोग नव्हे. तिला दटावण्यापेक्षा परसात किंवा शाळेच्या अंगणात एक चढणभिंत उभारावी, असे माझे मत आहे. मात्र ती २ मीटरपेक्षा उंच नको. लांबी ४ मीटर असू द्या, आणि तिच्यावर आडवे चालत जा.

‘बुटक्या भिंतीवर कसली मौज?’ असे तुम्ही विचाराल. थोडे गणित करू. ३ मीटरवरून पडलेले मूल जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. १ मीटरवरून पडल्यास तो सुमारे १६ असतो, आणि अंगातली ऊर्जा एकतृतीयांशच. खाली फरशीऐवजी वीतभर जाडीची मोकळी वाळू असेल, तर तोच वेग जास्त अंतरात जिरतो. फरशीवर १ सेंटिमीटरात थांबणारे शरीर वाळूत १० सेंटिमीटरात थांबले, तर त्याला बसणारे सरासरी बल सुमारे नवव्या हिश्श्यावर येते. कौशल्य मात्र तसूभरही कमी लागत नाही. पोट भिंतीला चिकटवा, भार पायांवर घ्या, मग हात सरकवा. पोट मागे गेले की गुरुत्वमध्य पावलांपासून दूर जातो आणि सारे ओझे बोटांवर येते. भिंतीच्या टोकाला जाऊन परत या, म्हणजे ८ मीटर चढाई होते. आणि तेवढ्यात दंड भरून येतात की नाही ते पाहा!

यासाठी पैसा फार लागतो हीसुद्धा गैरसमजूत. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ साली बोळातल्या भिंतीत दगडांचे तुकडे बसवून चढणभिंत केली होती. हाच खेळ पुढे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली पोहोचला. आपल्याला जाड फळ्या आणि सुताराकडचे बाभळीचे तुकडे पुरेत. हे तुकडे खिळ्यांनी ठोकू नका. खिळ्याला लाकूड केवळ घर्षणाने धरून ठेवते. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की ती पकड ढिली होते. आरपार बोल्ट घालून मागून वायसर आणि नट आवळा. ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरलीत तर हात घसरत नाही. लोखंडी कड्या टाळाव्यात. मे महिन्यात खामगाव-शेगावकडे त्यांना हात लावून पाहा, कारण सांगावे लागणार नाही! भिंतीचे तोंडही उत्तरेकडे करा.

आता खांबांकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. घाटावर बऱ्याच ठिकाणी थोडे खणले की मुरूम लागतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोलवर. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यातला खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो. म्हणून तिथे खड्डा चांगला रुंद घ्यावा, काळी माती काढून टाकून मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून धुम्मसाने ठोकावा आणि भिंतीला मागून तिरपे टेकू द्यावेत. परसात झोपाळा असेल तर त्याच्या चौकटीलाच फळ्या जोडण्याचा मोह होईल, तो आवरा. झोक्याच्या हिसक्यांनी बोल्ट सैल होतात, आणि उतरणाऱ्याच्या पाठीत झोपाळ्याची फळी बसते. दोन्हींत निदान ३ मीटर अंतर ठेवा.

वडील माणसांना हा सारा हिशेब कागदावर मांडून दाखवा. खड्डा खणायला त्यांनाही बोलवा. आपल्या हाताने ठोकलेल्या खांबावर माणसाचा भरवसा लवकर बसतो. पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि पुन्हा पोळ्याच्या सुमारास पाना घेऊन एकेक बोल्ट तपासा. एखादा जरी हातात फिरला, तरी तो आवळेपर्यंत भिंत बंद.