घर तेच, मालक तेवढा कागदी

कर उत्पन्नावर बसावा. ते मिळविणाऱ्याने कायद्याचे कोणते वस्त्र पांघरले आहे, यावर त्याचा बोजा ठरू नये, हे करव्यवस्थेचे एक साधे तत्त्व होय. ते बाजूस सारले की काय घडते, याचा वस्तुपाठ ब्रिटनमधील भाड्याच्या घरांनी घालून दिला आहे.

जुलै २०१५ मध्ये तेथील अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी घरमालकांना कर्जाच्या व्याजावर मिळणारी वजावट आखडती घेण्याचे जाहीर केले. स्वतः राहण्यासाठी कर्ज काढून घर घेणाऱ्यास सवलत नाही, भाड्याने देण्यासाठी घेणाऱ्यास मात्र आहे, ही विषमता दूर करण्याचा हेतू गैर म्हणता येणार नाही. एप्रिल २०१७ पासून ही वजावट टप्प्याटप्प्याने कमी झाली आणि एप्रिल २०२० पासून तिच्या जागी व्याजाच्या २० टक्के एवढी करातील सूट उरली. परंतु हा नियम व्यक्तींना लागू झाला, मर्यादित कंपन्यांना नाही. खरी मेख येथेच आहे.

समजा, घराचे वार्षिक भाडे १२ हजार पौंड व व्याज ८ हजार पौंड आहे. म्हणजे नफा ४ हजारांचा. ४० टक्के दराने कर देणाऱ्या मालकाला पूर्वी १,६०० पौंड कर पडे. आता सबंध भाड्यावर ४,८०० पौंडांची आकारणी होऊन त्यातून १,६०० वजा होतात व ३,२०० पौंड भरावे लागतात. व्याज १० हजारांवर गेले, तर नफा २ हजार आणि कर २,८०० पौंड! पहिल्याच हिशेबातील घर लहान कंपनीच्या नावे असल्यास १९ टक्के दराने अवघा ७६० पौंड कर होतो. लाभांश काढताना त्यावर पुन्हा वैयक्तिक कर बसतो हे खरे. पण नफा कंपनीतच ठेवून पुढचे घर घेणाऱ्याला तो लांबणीवर टाकता येतो.

मग सर्वच मालक कंपनी का काढीत नाहीत? कारण जुने घर कंपनीच्या नावे करणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हस्तांतर. त्यावर सर्वसाधारणपणे भांडवली नफ्याचा कर आणि मुद्रांक कर द्यावा लागतो. परिणामी, एकदोन घरांवर म्हातारपणाची भिस्त ठेवणारा अडकून पडतो, तर नव्याने मोठी गुंतवणूक करणारा कंपनीच्या दाराने सुखेनैव आत शिरतो. या नामांतराने एकही नवे घर उभे राहत नाही, की भाडेकरूचे गळके छप्परही शाकारले जात नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात व्यक्तींच्या भाडे-उत्पन्नावरील करदर एप्रिल २०२७ पासून २ टक्क्यांनी वाढविण्याचे जाहीर झाले. लाभांशावरील करही वाढविण्यात आला असला, तरी मूळ भेद कायमच आहे.

आपल्याकडे २०२४ च्या वित्त कायद्याने निवासी घराचे भाडे धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखविण्याची वाट बंद केली. मालक व्यक्ती असो वा कंपनी, ते 'घरापासूनचे उत्पन्न'च मानले जाते. करदर भिन्न असल्याने पळवाट पूर्णतः बुजली असे नाही; पण दिशा योग्य आहे. सवलत द्यावयाचीच, तर ती नवे घर बांधणाऱ्यास द्यावी. नुसती नावाची पाटी बदलणाऱ्यास नव्हे.