पदपथाविना चालण्याचा उपदेश

‘कमी खा आणि रोज चाला’ हा लठ्ठपणावरचा जुना उपाय आता दवाखान्यातून निघून राजकीय व्यासपीठावर येऊन पोहोचला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’ या कार्यक्रमात पंतप्रधानांनी खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन देशवासीयांना केले. आवाहन योग्यच होते. प्रश्न आहे तो, ज्यांना उपदेश करावयाचा त्यांना तो पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण झाली आहे काय, हा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील अतिवजनाच्या वा लठ्ठ स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्क्यांवर गेले. शहरांत तर दर तीन स्त्रियांमागे एक या गटात मोडते. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या. एकाच देशात अर्धपोटी राहणे आणि अतिवजन शेजारी शेजारी नांदत आहेत. म्हणूनच लठ्ठपणा हा केवळ सुखवस्तूंचा विकार आहे, हा समज आता सोडून द्यावा लागेल.

उपायाचा हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. मध्यम बांध्याच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालल्यास फार तर दीडशे उष्मांक खर्च होतात. घरी परतल्यावर मूठभर फरसाण खाल्ले की ते भरून निघतात. म्हणजे वजन उतरविण्याचा मुख्य भार ताटावरच पडतो. चालण्याने उतरलेले वजन टिकते, रक्तातील साखर आटोक्यात राहते आणि हृदयाला बळ मिळते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी नेलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत सर्वांना मान्य नसेल. परंतु खाण्यावरील नियंत्रण आणि चालणे यांची सांगड तीतही आहेच.

ताटात काय पडावे, हे केवळ मनोनिग्रहावर ठरत नाही. ते किमतीवरही ठरते. डाळी, भाज्या व फळे यांचे भाव चढले की मध्यमवर्गीय गृहिणी त्यांत काटकसर करते. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात सदैव हजर असतो. जानेवारी २०२५ मधील आर्थिक पाहणीने अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवर अधिक कर लावण्याचा विचार मांडला होता. प्रत्यक्षात २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे व चॉकलेट यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि पाकिटबंद फरसाणावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. गोड शीतपेयांवर ४० टक्के कर लागला खरा. परंतु पूर्वीचा २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर यांची बेरीजही तेवढीच होती. सामान्यांना दिलासा आणि बाजाराला चालना हे करकपातीचे हेतू समजण्याजोगे आहेत. तथापि एकाच वर्षात सरकारच्या एका हाताने संयमाचा सल्ला द्यावा आणि दुसऱ्या हाताने मोह स्वस्त करावा, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

चालण्याची कथा याहून वेगळी नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मरण पावले. म्हणजे दररोज सुमारे नव्वद. वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच म्हटले होते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. कागदावर उणीव नाही. उणीव आहे ती रस्त्यावर. तेथे पदपथ दुचाकींनी व्यापलेला असतो, नाही तर खोदून ठेवलेला. सकाळी सहाला उद्यानात फिरावयास जाणे निवृत्त गृहस्थाला शक्य आहे. पहाटेची लोकल पकडून रात्री आठला परतणाऱ्या कारकुनाला किंवा शाळा आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या शिक्षिकेला चालावयाचे असेल, तर ते स्थानकाच्या वा शाळेच्या वाटेवरच चालता येईल. ती वाट सुरक्षित नसेल तर उपदेश वाया जातो.

२०२५ पासून वजन उतरविणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आली आहेत. गंभीर रुग्णांना ती उपकारक ठरतील. पण सर्व समाजाचे वजन औषधाने उतरविणे कोणत्याही अर्थव्यवस्थेला परवडणारे नाही. त्यापेक्षा डाळी-भाज्यांचा पुरवठा वाढविणे, पाकिटावर साखर-मीठ-चरबीचा इशारा ठळक छापण्याची सक्ती करणे आणि प्रत्येक नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात पदपथांसाठी स्वतंत्र तरतूद ठेवून तिच्या खर्चाचा हिशेब दरवर्षी जाहीर करणे, हे उपाय कितीतरी स्वस्त आहेत. संयम हे नागरिकाचे कर्तव्य आहेच. पण तो चालावयास निघाल्यावर पायाखाली पदपथ असणे, ही शासनाची जबाबदारी आहे.