गरोदर स्त्रीचे रक्त कमी होते ते कुठे? : सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : गरोदरपणातील रक्तक्षयाची कारणे आणि त्यांची नोंद

गरोदर स्त्रीच्या रक्तातले हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमच्या खाली गेले की तिला रक्तक्षय आहे असे मानले जाते. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ४५.७ टक्के. चौथ्या फेरीत राज्याचा आकडा ४९.३ होता, म्हणजे थोडी सुधारणा दिसते. पण त्याच दोन फेऱ्यांमध्ये राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमधला रक्तक्षय ४९.७ वरून ५७.२ टक्क्यांवर चढला. बोटातून घेतलेल्या थेंबावर केलेल्या या मोजणीबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरी आजच्या मुली उद्या गरोदर म्हणून नोंदवल्या जाणार आहेत, त्यामुळे या दोन आकड्यांपैकी दुसरा अधिक काळजीचा आहे.

गरोदरपणात शरीराला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचे लागते. त्यातले साधारण ३०० मिलिग्रॅम गर्भ आणि वारेसाठी जाते, ५०० च्या आसपास आईचे रक्त वाढण्यासाठी, आणि उरलेले रोजची झीज भरून काढण्यात. ही मागणी नऊ महिन्यांवर सारखी पसरलेली नसते. पाचव्या महिन्यानंतर ती रोज ६ ते ७ मिलिग्रॅमवर जाते, आणि भाकरी-वरणाच्या जेवणातून एवढे लोह अंगी लागत नाही. जिच्या शरीरात आधीचा साठा आहे ती तो काढून वापरते. जिच्याकडे तो नाही तिचे हिमोग्लोबिन घसरते. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा अंश तांबड्या पेशींपेक्षा वेगाने वाढतो, म्हणून निरोगी स्त्रीचेही हिमोग्लोबिन थोडे उतरते. साठा रिकामा असलेल्या स्त्रीचे मात्र उतरतच जाते. म्हणजे पहिला आणि सगळ्यात मोठा धोका गरोदर राहण्याच्या दिवशीच ठरलेला असतो.

तो साठा रिकामा का असतो, याची कारणे बाईच्या आयुष्यात मागे जाऊन शोधावी लागतात. पाळी सुरू होते त्याच वर्षांत मुलीची उंची वाढत असते, आणि दोन्हींना लोह लागते. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तरी ते दवाखान्यात सांगायचे असते हे कुणी शिकवत नाही. पाचव्या फेरीच्या वेळी राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. अशी मुलगी स्वतः वाढत असतानाच दुसऱ्या जिवाला वाढवते. दोन बाळंतपणांत किमान दोन वर्षांचे अंतर नसेल तर पहिल्याची भरपाई होण्याआधी दुसरी मागणी येते. मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही असे ठरलेल्या घरात ही भरपाई कधीच होत नाही.

जेवणाबद्दल सरकारी पत्रके पालेभाज्या खा असे सांगून थांबतात. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. धान्य, डाळी आणि पालेभाज्या यांतल्या लोहाचा थोडाच भाग शरीर घेते, कारण धान्याच्या कोंड्यातले फायटेट त्याला बांधून ठेवते. जेवणावर लगेच घेतलेला चहा यात भर घालतो. उलट लिंबू, आवळा, पेरू जेवणासोबत असले तर तेच लोह अधिक शोषले जाते. मांस-मासळीतले लोह सहज अंगी लागते; पण महिन्यातून एकदा मटण शिजते त्या घरात पातेल्यात तळाशी रस्सा उरतो तेव्हा सुनेचे पान वाढले जाते. पोट मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल म्हणून शेवटच्या महिन्यांत कमी खायला लावणारी घरे अजून आहेत. माती किंवा भाजलेली खापरी खाण्याची इच्छा डोहाळे म्हणून कौतुकाने घेतली जाते. ते बहुधा लोह कमी असल्याचे लक्षण असते, आणि पोटात गेलेली माती शोषण आणखी बिघडवते. मिश्रीचा प्रश्नही इथलाच आहे. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांत रक्तक्षय अधिक असल्याचे मुंबईतल्या अभ्यासात दिसले आहे. तरीही दात घासण्याची सवय म्हणून मिश्रीबद्दल तपासणीच्या वेळी बहुतेक विचारलेच जात नाही.

रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण पूर्ण खरे नाही, आणि हे सिद्ध करणारे काम मुंबईतच झाले होते. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये तिला एक वेगळा, जिवावर बेतणारा रक्तक्षय दिसला. त्यात तांबड्या पेशी लहान होण्याऐवजी मोठ्या होत होत्या. तिने या स्त्रियांचे खाणे तपासले, आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या झपाट्याने सुधारतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला उपयोगी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाच्या जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, त्यामागे परळच्या त्या स्त्रियांचे रक्त आहे.

त्याच गोळीत ब-१२ जीवनसत्त्व मात्र नाही. १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांमध्ये झालेल्या माता-पोषण अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले. ब-१२ फक्त प्राणिजन्य अन्नात मिळते: दूध, अंडी, मांस, मासे. दूध डेअरीला घालून घरात चहापुरते ठेवणाऱ्या कुटुंबात, शाकाहारी असो वा नसो, बाईच्या वाट्याला ते येत नाही. अशा स्त्रीने लाल गोळ्या नेमाने घेतल्या तरी तिचे हिमोग्लोबिन पुरते वर येत नाही, आणि तिने गोळ्या घेतल्याच नाहीत असा ठपका तिच्यावर बसतो.

भूगोलाप्रमाणेही कारणे बदलतात. शेतात अनवाणी चालणाऱ्या पायांतून अंकुशकृमी शिरतात आणि आतड्यात राहून रोज थोडे रक्त पितात. म्हणून दुसऱ्या तिमाहीत जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी द्यायची असते. गडचिरोलीत मलेरिया तांबड्या पेशी फोडतो. नंदुरबार आणि गडचिरोलीसह विदर्भातल्या आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेल आहे, तर थॅलेसेमियाचे वाहक सिंधी, कच्छी भानुशाली अशा समाजांत अधिक सापडतात. सिकलसेल असलेल्या स्त्रीला अनेकदा रक्त चढवलेले असते आणि तिच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. तिला तपासणीविना लोहाची दुप्पट मात्रा देणे धोक्याचे आहे.

सगळे धोके एकाच बाईत एकत्र आलेले पाहायचे असतील तर ऊसतोडीकडे पाहावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून जोडपी उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. त्यामुळे तपासणीला जाणे म्हणजे मजुरी बुडवून वर दंड भरणे. खाण्यात भाकरी आणि चटणी, कोपीवर पाणी दुरून आणायचे. गावात ऑगस्टमध्ये नाव नोंदवलेली गरोदर बाई डिसेंबरात सांगली-कोल्हापूरला किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात असते. गावच्या आशाताईच्या वहीत ती स्थलांतरित, आणि फडाजवळच्या आशाताईच्या यादीत बहुधा नसतेच. लोहाची मागणी सगळ्यात जास्त असते नेमक्या त्याच महिन्यांत ती कुणाच्याच हिशेबात नाही. राज्याला साखर देणाऱ्या बाईची ही अवस्था लाजिरवाणी आहे.

गोळ्यांचा कार्यक्रम देशात १९७० पासून आहे आणि २०१८ मध्ये ॲनिमियामुक्त भारत या नावाने त्याला नवा जोर मिळाला. गरोदरपणात १८० दिवस गोळी घ्यायची आहे. प्रत्यक्षात पाचव्या पाहणीत देशभरातल्या २६ टक्के मातांनीच ती तेवढे दिवस घेतल्याचे सांगितले. शौच काळे होते, मळमळते, पोट साफ होत नाही, "गोळ्या उष्ण पडतात". ही तक्रार खोटी नसते. रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी जाणवते, काळे शौच निरुपद्रवी असते, आणि कॅल्शियमची गोळी सोबत घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, हे तीन मुद्दे सांगायला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या दिवशी ती दोन मिनिटे मिळत नाहीत आणि दोन्ही पाकिटे एकाच वेळी हातात दिली जातात.

मोजणीची कथाही जवळून पाहण्यासारखी आहे. हिमोग्लोबिन मोजण्याच्या साहली पद्धतीत पिपेटने ठरीव रेघेपर्यंत रक्त ओढून आम्लात मिसळायचे, दहा मिनिटे थांबायचे, आणि मग थेंब थेंब पाणी घालत नळीचा तपकिरी रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा. बोट जोरात दाबले तर रक्त पातळ होते, दहाऐवजी दोनच मिनिटे थांबले तर आकडा कमी येतो, आणि खिडकीपाशी दिसतो तो रंग कोपऱ्यात दिसत नाही. डिजिटल यंत्र अधिक भरवशाचे, पण पट्ट्या संपल्या की तपासणी पुन्हा नळीवर, किंवा पापणी उलटून अंदाजावर.

माता-बाल संरक्षण कार्डावर आकड्याला जागा आहे, कारणाला नाही. दोन महिने रोज दोन लाल गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढले नाही, तर पेशींचा आकार, ब-१२ आणि सिकलसेल यांची तपासणी झाली की नाही, हे त्याच कार्डावर लिहिले गेले पाहिजे. ब-१२ ची गोळी गरजू स्त्रीला प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळायला हवी. आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेलची चाचणी शाळेत, लग्नाच्या वयाआधी व्हावी. दहावी-बारावीतल्या मुलींना मिळणाऱ्या लोहाच्या साप्ताहिक निळ्या गोळीचा हिशेब वाटपावर न ठेवता हिमोग्लोबिनवर ठेवावा, आणि शाळा सुटलेल्या मुलींना त्यातून वगळू नये. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर स्त्रीला अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. तसेच जेवण ऊसतोडीच्या तळांवर सुरू करता येईल, कारण तळ कुठे पडतात हे प्रत्येक कारखान्याला ठाऊक असते. गाळप हंगामाआधी मजुरांचे करार होतात त्याच वेळी प्रत्येक गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन मोजून, नोंदणी क्रमांकासह तिचे नाव ज्या कारखान्याकडे ती जाणार त्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवता येते. तपासणीच्या दिवसाचा खाडा लागू नये, एवढी एक अट करारात घालून घेणेही शासनाला शक्य आहे.