वर्गातील लेखनिकाचा मुशाहिरा

परीक्षा हाच आपल्या शिक्षणव्यवस्थेचा प्राण होऊन बसल्यामुळे तिचे औदार्यही परीक्षागृहाच्या चार भिंतींपुरतेच मर्यादित राहिले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. ज्या विद्यार्थ्याला दिसत नाही त्याला उत्तरपत्रिका लिहून देण्यासाठी लेखनिक मिळावा, ही गोष्ट १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांपुरती मान्य केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तिचा विस्तार केला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान २० मिनिटे अधिक देण्याची तजवीज केली. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडण्याच्या व्याधीने ग्रस्त असलेल्या विकास कुमार नामक उमेदवाराच्या प्रकरणात, अपंगत्वाची टक्केवारी ४० भरो वा न भरो, ज्याला खरोखरच लिहिता येत नाही त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. ही सर्व प्रगती अभिनंदनीय आहे, आणि तिच्यासाठी ज्यांनी अर्ज-विनंत्यांचे व कोर्टकचेऱ्यांचे हेलपाटे घातले त्यांचे ऋण मोठे आहे.

परंतु परीक्षा सत्राच्या अखेरीस येते आणि अध्यापन रोज चालते. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेसाठी ज्याच्या शेजारी माणूस बसवण्याचा हुकूम आहे, त्या विद्यार्थ्याच्या शेजारी, त्या प्रश्नपत्रिकेत येणारा विषय वर्षभर शिकवला जात असताना कोण बसले होते, याची नोंद आपल्या महाविद्यालयांच्या दप्तरांत शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी येईल. २०१६ च्या अधिनियमाचे १७ वे कलम परीक्षेच्या लेखनिकाचा नाव घेऊन उल्लेख करते. वर्गात बसून टिपणे घेणाऱ्या माणसाचा तसा उल्लेख ते करीत नाही. १६ वे कलम मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवण्याचे आणि आवश्यक ते वैयक्तिक साहाय्य देण्याचे बंधन शासकीय, अनुदानित व मान्यताप्राप्त अशा सर्वच शिक्षणसंस्थांवर घालते, म्हणजे दार उघडे आहे. त्या दारातून आत जाण्याची कोणी तसदी घेतलेली नाही, इतकेच.

वर्गात टिपणे घेण्याचे हे काम मी स्वतः काही काळ केलेले असल्यामुळे त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगण्याची मुभा वाचकांनी द्यावी. कर्णबधिर विद्यार्थ्याला टिपणांसाठी दुसऱ्याचा हात का लागतो, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात, कारण त्याचे डोळेही शाबूत असतात आणि हातही. उत्तर असे, की त्याचे ऐकणे डोळ्यांनी चालते. तो प्राध्यापकांच्या ओठांकडे किंवा दुभाष्याच्या हातांकडे पाहत असतो, आणि वहीवर दृष्टी वळवली की तेवढ्या वेळात उच्चारलेले वाक्य त्याच्यापुरते उच्चारलेच गेलेले नसते. ऐकणाऱ्या माणसाला खाली मान घालून लिहिता येते, ही त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली सोय आहे की ती सोय आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याची बोटे मनाप्रमाणे वळत नाहीत, किंवा ज्याला अध्ययन-अक्षमतेमुळे ऐकणे व लिहिणे या दोन क्रिया एकाच वेळी साधत नाहीत, त्यांची अडचण निराळी असली तरी परिणाम तोच होतो. अंध विद्यार्थी ब्रेलमध्ये किंवा बोलणाऱ्या संगणकावर स्वतःची टिपणे घेऊ शकतो, आणि ज्याला ते येते त्याने ते अवश्य करावे. तथापि फळ्यावर जे मूकपणे घडते ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्यास दुसरा कोणीतरी लागतोच.

अर्थशास्त्राच्या तासाला प्राध्यापक फळ्यावर दोन रेषा काढतात आणि खडू सरकवीत म्हणतात, “आता उत्पन्न वाढलं की ही इथून अशी जाते, म्हणून हा बिंदू इथे येतो, आलं लक्षात?” सर्व वर्ग माना डोलावतो. या वाक्यातील प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवून घेतला तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीही लागणार नाही. टिपणे घेणाऱ्याला तेथे असे लिहावे लागते: उत्पन्न वाढले, मागणीवक्र समग्र उजवीकडे सरकला, पुरवठावक्र जागचा हलला नाही, त्यामुळे समतोलाची किंमत व विकले जाणारे परिमाण ही दोन्ही वाढली. म्हणजे त्याला मागणीवक्राचे सरकणे आणि त्याच वक्रावरून खालीवर होणे यांतला भेद आधी समजला पाहिजे. जे ऐकू आले नाही तेथे स्वतःच्या अंदाजाने वाक्य पूर्ण न करता ‘ऐकू आले नाही’ असा स्पष्ट शेरा मारला पाहिजे; फळ्यावरचा मजकूर व तोंडी विवेचन निरनिराळे दाखवले पाहिजे; कोणत्या विद्यार्थ्याने शंका विचारली आणि तिचे काय उत्तर मिळाले, हेही नोंदले पाहिजे. आणि प्राध्यापकांनी विनोद केला, सगळा वर्ग हसला, तर तो विनोदही लिहावा, असा माझा शिरस्ता होता. कारण वर्ग का हसतो आहे हे न कळता त्या हसण्याच्या मध्यभागी बसून राहणे काय असते, ते मी एका विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

येथे एक चमत्कारिक विसंगती लक्षात येते. परीक्षेला विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने त्याच्यापेक्षा एक पायरी खालचा असावा, असा दंडक २०१८ च्या सूचनांनी घातला होता, आणि तो योग्यच होता. उत्तर विद्यार्थ्याचे असले पाहिजे, लेखनिकाचे नव्हे. वर्गातल्या लेखनिकाची योग्यता मात्र नेमकी उलट हवी. त्याला विषय कळला नाही तर त्याचे टिपण निरर्थक होते. असे असूनही आपण दोन्ही कामे एकाच मापाने मोजतो, आणि ज्याला सवड असेल, ज्याचे अक्षर बरे असेल आणि ज्याचे मन कोवळे असेल, असा कोणीही या कामास पुरेसा आहे, अशी समजूत करून घेतो.

आजची प्रत्यक्ष स्थिती अशी, की हे काम मैत्रीवर चालते. शेजारच्या बाकावरची मैत्रीण आपली वही देते, दुसऱ्या दिवशी मोबाईलवर तिच्या पानांची छायाचित्रे येतात, कधी येत नाहीत. तिचीही परीक्षा तोंडावर असते. तिने जे आधीच ठाऊक म्हणून लिहिले नाही ते तिच्या मित्राला मुळीच मिळत नाही. आणि ती आजारी पडली तर एकाऐवजी दोघांचा अभ्यास बुडतो. यात त्या मुलीचा काहीही दोष नाही. दोष या व्यवस्थेचा आहे, आणि त्याचा गाभा असा की उपकाराविरुद्ध तक्रार करता येत नाही. ज्याने फुकट दिले त्याला ‘तिसरे कारण सुटले आहे’ असे सांगण्याचे धैर्य कोणाला होणार? म्हणून विद्यार्थी अपुरी टिपणे निमूटपणे घेतो, वर आभार मानतो, आणि दर सत्राच्या आरंभी पुन्हा कोणाची तरी मर्जी संपादन करण्याच्या खटपटीला लागतो. ही कृतज्ञता शिक्षणशुल्काखेरीज त्याच्यावर लादलेली एक पट्टी आहे, आणि तिची पावती कोणी देत नाही.

मराठी मुलखाला लेखणीच्या माणसाची थोरवी नव्याने सांगावयास नको. नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या मुखातून निघालेले निरूपण सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, तुकोबांचे अभंग वहीत उतरवणाऱ्यांत संताजी जगनाडे यांचे नाव परंपरेने आदराने घेतले जाते. आणि दुसरीकडे बाळाजी आवजींसारखे चिटणीस शिवछत्रपतींच्या दरबारी पत्रे लिहीत होते. पहिल्या दोघांनी भक्तीने लिहिले, तिसऱ्याने नेमणुकीने. भक्तीने लिहिणारा सहाध्यायी कोणाला भाग्याने लाभला तर त्याला नमस्कारच केला पाहिजे. परंतु ज्याप्रमाणे राज्याचा पत्रव्यवहार कोणाच्या भक्तीवर सोडता येत नाही त्याप्रमाणे विद्यापीठाचे कर्तव्यही तिच्यावर सोडता येत नाही. त्यासाठी नेमणूक लागते, हजेरीपट लागतो, कामाचे नियम लागतात आणि दरमहा मुशाहिरा लागतो. मोबदला घेणाऱ्या माणसाला जाब विचारता येतो. आणि ज्याला जाब विचारता येतो त्याच्याशी बरोबरीचे नातेही ठेवता येते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की अशा साहाय्याने विद्यार्थी परावलंबी होईल. स्वावलंबनाचा आग्रह वाईट नाही, परंतु तो धरणाऱ्यांनी हेही पाहावे की ध्वनिक्षेपकाविना शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात मागच्या बाकांवर नीट ऐकू येत नाही, आणि त्या ध्वनिक्षेपकाला आजवर कोणी परावलंबन म्हटलेले नाही. चांगली टिपणे हाती असलेला विद्यार्थी अभ्यास स्वतःच करतो, किंबहुना तेव्हाच तो करू शकतो.

दुसरा आक्षेप यंत्राचा. भाषण ऐकून मजकूर उमटवणारी साधने आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर आली आहेत, मग माणूस कशाला? ही साधने उपयोगी आहेत आणि ती जरूर वापरावीत. परंतु आपला प्राध्यापक वाक्याचा आरंभ मराठीत करतो, शेवट इंग्रजीत करतो, मध्ये एखादे संस्कृत वचन घालतो, आणि हे सर्व पंख्याच्या घरघरीत, फळ्याकडे तोंड करून चालते. ध्वनिमुद्रण करावे तर तासाभराचे व्याख्यान पुन्हा ऐकण्यास तासच लागतो, आणि कर्णबधिराला त्याचा उपयोग शून्य. यंत्र शब्द देईल. ‘ही इथून अशी जाते’ यातली ‘ही’ कोणती, ते सांगणार नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तोच खरा. या बाबतीत इंग्लंडचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी भत्त्यातून टिपणे घेणाऱ्याचे वेतन दिले जात असे, त्यामुळे या कामाला एका लहानशा व्यवसायाचे रूप आले. पुढे सरकारने हात आखडता घेतला आणि २०१६-१७ च्या शैक्षणिक वर्षापासून या प्रकारच्या साहाय्याचा भार बहुतांशी विद्यापीठांवर टाकला. जी सोय केवळ एका मंत्रालयाच्या मर्जीवर उभी असते तिचा पाया डळमळीत राहतो, हा धडा आपण प्रारंभीच घेतलेला बरा. म्हणून ही तरतूद संस्थेच्या स्वतःच्या चालू व्यवस्थेत गोवलेली असावी, आणि तशी व्यवस्था महाराष्ट्रात तयारच आहे.

ती म्हणजे ‘कमवा व शिका’ योजना. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करून शिकण्याचा जो पायंडा पाडला, त्याचेच हे विद्यापीठीय रूप. पुण्यासह आपल्या विद्यापीठांतून गरीब विद्यार्थी तीत बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासांप्रमाणे काम करतात व त्याचा मोबदला घेतात. त्याच कामांच्या यादीत वर्गातील टिपणे घेण्याचे काम घालावे. द्वितीय वर्ष उत्तीर्ण झालेला होतकरू विद्यार्थी प्रथम वर्षाच्या वर्गात बसेल. विषय त्याने शिकलेला असल्यामुळे टिपण समजून होईल. त्याची स्वतःची उजळणी होईल. आणि त्याच्या घरच्या चुलीलाही हातभार लागेल. आज लेखनिकाचा शोध बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांत घेतला जातो. त्या योजनेविषयी मला पूर्ण आदर आहे, पण सेवेच्या वहीत जमा होणारे तास आणि कामाच्या हजेरीपटावर चढणारे तास यांत जो फरक आहे, तोच या लेखाचा विषय आहे.

नियम थोडके पण लेखी असावेत. टिपणे विद्यार्थ्याची मालमत्ता समजावी आणि ती त्याच्या संमतीवाचून दुसऱ्यास दाखवू नयेत. ती किती दिवसांत व कोणत्या रूपात द्यावयाची ते आधी ठरावे. विद्यार्थी गैरहजर असता टिपणे घ्यावीत की नाही, याचाही निकाल आधीच लागावा, म्हणजे पुढे वाद उरणार नाही. वर्गातील प्रश्नाचे उत्तर लेखनिकाने देऊ नये. प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिताना ते मोठ्याने वाचावे, इतकी त्यांच्याकडून अपेक्षा आहे. तिचा फायदा शेवटच्या बाकावरच्या सर्वांनाच होईल. आणि सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्याने आपल्या लेखनिकाच्या कामाविषयी लेखी अभिप्राय द्यावा, व तो वाचण्याची जबाबदारी एका नावानिशी नेमलेल्या अधिकाऱ्यावर असावी.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती होत्या, आणि उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखण्याचे बंधन २०१६ च्या अधिनियमाने घातले आहे. जागा राखून ठेवायची आणि त्या जागेवर बसणाऱ्यापर्यंत शिकवणे पोहोचवायचे नाही, हा व्यवहार कोणत्याही जमाखर्चात बसणारा नाही. नव्या कायद्याची येथे गरज नाही. कुलगुरूंच्या सहीचे एक परिपत्रक आणि ‘कमवा व शिका’ योजनेच्या कामांच्या यादीत वाढवलेली एक ओळ, एवढ्यावर हे काम पुढच्या जूनपासून सुरू होऊ शकते. ते सुरू झाले नाही तर त्याचे कारण पैसा नसून इच्छेचा अभाव आहे, असे विद्यार्थ्यांनी समजावे आणि तसा लेखी जाब प्रत्येक विद्यापीठाच्या दारी मागावा.